शोषखड्डा खणला, पण शिकलं काय?

ग्रामीण शाळांमधल्या 'हाताने शिका' प्रकारच्या उपक्रमांवर पीएचडी करायची असं ठरवलेले बरेच जण भेटतात. विषय चांगलाच आहे. पण प्रस्तावाचा मसुदा उघडला की पहिल्याच पानावर एक वाक्य असतं: 'प्रत्यक्ष कृतीतून शिकल्यामुळे विद्यार्थ्यांचं आकलन वाढतं.' हे वाक्य गृहीत धरून पुढची दोनशे पानं लिहिली जातात. माझं म्हणणं असं की संशोधन करायचं ते नेमकं याच वाक्यावर करायला हवं. ते कधी खरं असतं आणि कधी नसतं, एवढाच प्रश्न घेतला तरी तीन-चार वर्षं पुरतो.

आज त्यासाठी दोन मराठी परंपरा तपासू. एक पाबळची, दुसरी मानखुर्दची. आणि दोन्हींची परीक्षा घ्यायला जागा घेऊ साजगावची, म्हणजे खालापूर तालुक्यातलं, खोपोलीला लागून असलेलं गाव.

पाबळ: कामाला गिऱ्हाईक आहे

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम उभा राहिला. शाळेतच इतर विषयांबरोबर, साधारण आठवड्यातला एक दिवस हातकामाला. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वेल्डिंग, घरातलं वायरिंग, फेरोसिमेंट, शोषखड्डा, हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासणी, पदार्थ बनवणं, आणि केलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्च काढणं. राज्य मंडळाने पुढे दहावीला हा विषय मान्यही केला.

बहुतेक लेखांत या यादीचंच कौतुक होतं. मला यादी दुय्यम वाटते. कलबागांच्या मांडणीतल्या तीन अटी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक, मुलाने एकच धंदा न शिकता अनेक कौशल्यं शिकायची. दोन, शिकवणारा शक्यतो गावातलाच, स्वतः ते काम करून पोट भरणारा. तीन, मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे.

यातली तिसरी अट नीट बघा. वर्गात चुकलेलं गणित लाल पेनने संपतं. गावातल्या कुणासाठी केलेलं गेट वाकडं झालं तर माणूस परत येतो आणि विचारतो, 'बाळा, हे लागत का नाही?' मग मोजमाप कुठे चुकलं, वेल्ड करताना पट्टी का ओढली गेली, हे शोधावंच लागतं. कामाला गिऱ्हाईक असलं की चूक लपत नाही. परीक्षेपेक्षा हे मूल्यमापन कडक आहे, आणि ते शिक्षकाच्या हातात नाही. ही कल्पना १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमशी नातं सांगते. पण नई तालीमवर 'मुलांच्या श्रमावर शाळा चालवणार का' अशी टीका तेव्हाच झाली होती. ती टीका अजून जिवंत आहे आणि आपण तिच्याकडे येणारच आहोत.

यादी प्रवास करते, पद्धत मागे राहते

आता माझी पहिली तक्रार. असा कार्यक्रम एका गावातून शेकडो शाळांत जातो तेव्हा सगळ्यात सहज काय जातं? प्रात्यक्षिकांची यादी आणि साहित्याची पेटी. सगळ्यात आधी काय गळतं? गिऱ्हाईक. आणि त्याच्याबरोबर 'हे इथे का करायचं' हा प्रश्नही.

पाबळला पाऊस कमी, म्हणून जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजल कुठे असेल याचा अंदाज बांधणं हे तिथे अगदी रास्त काम होतं. गावाची गरज आणि भौतिकशास्त्र एकाच उपकरणात भेटत होतं. साजगावला तेच केलं तर काय? इथे घाटाच्या पायथ्याला पाऊस धो धो पडतो. जून ते सप्टेंबर सौरचूल कोपऱ्यात उभी राहते. शाळेचं वर्षही जूनलाच सुरू होतं, म्हणजे ऊर्जेचा धडा नेमका ढगांखाली सुरू होतो. यादी तीच ठेवली तर मुलं सौरचूल 'बनवतात', तिचा फोटो निघतो आणि ती कपाटावर जाते.

त्याच वेळी साजगावच्या आसपास ऊर्जेचं काय काय आहे ते बघा. खोपोलीला घाटावरून उतरणारे मोठाले पाइप दिसतात. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी त्यांतून खाली येतं आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रात वीज होते. हे केंद्र १९१५ पासूनचं. मुंबईच्या कापड गिरण्या या विजेवर चालल्या. वापरलेलं पाणी पाताळगंगेत जातं. उंची साधारण ५०० मीटर धरा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी तेवढं खाली आलं की १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे गळती धरली नाही तर एका टाकीभर पाण्यातून जेमतेम १.३६ युनिट. नववीचं मूल हे पाठीमागच्या पानावर काढू शकतं. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारू शकतं: हे पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारं होतं, ते पश्चिमेला वळवलं, तर मग ते कोणाचं? ऊर्जेचा धडा इथे आपोआप भूगोलात आणि हक्कात शिरतो.

दुसरं उदाहरण साजगावचंच. कार्तिकीला इथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो. सुका बोंबील म्हणजे काय? उन्हाने पाणी काढून टाकलेला बोंबील. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात, म्हणजे पाऊण युनिटला थोडं कमी. किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेल्या मासळीतून असं किती किलो पाणी सूर्य फुकट उडवतो, हे कोणत्याही बिलात येत नाही. 'सोलर ड्रायर' हा शाळाशाळांत दिसणारा प्रकल्प. पण त्याची तुलना या वलांडीशी करा असं किती ठिकाणी सांगितलं जातं?

मानखुर्द: विचाराची नोंद आहे

आता दुसरी परंपरा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, रितेश खुणयाकरी, स्वाती मेहरोत्रा यांनी 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या विषयावर काम केलं. माध्यमिक वयाच्या आतबाहेरच्या मुलांना पिशवी, वजन उचलणाऱ्या पवनचक्कीचं मॉडेल, बाहुल्यांचा खेळ असे प्रकल्प दिले. शहरी इंग्रजी माध्यम, शहरी मराठी माध्यम आणि ग्रामीण आदिवासी मराठी माध्यम अशा वेगवेगळ्या गटांत.

संशोधन म्हणून यातली घेण्यासारखी गोष्ट कोणती? त्यांनी फक्त शेवटची वस्तू बघितली नाही. मुलांनी आधी काढलेली चित्रं, आपसातली बोलणी, आराखडा आणि प्रत्यक्ष वस्तू यांतला फरक, दुसऱ्या गटाच्या कामाचं मुलांनी केलेलं मूल्यमापन, हे सगळं पुरावा म्हणून धरलं. 'मुलं कशी विचार करतात' याचं उत्तर गुणांत नसतं, ते खोडलेल्या रेषांत असतं. हे कामातून दाखवणं सोपं नाही.

पण इथे उलटी उणीव आहे. ही पवनचक्की कुणाला हवी आहे? मॉडेलने वजन उचललं की काम संपलं. ते उद्या कुणाच्या विहिरीवर चालणार नाही, त्यामुळे बेअरिंग झिजणं, वारा पडणं, दुरुस्तीचा खर्च हे प्रश्न उगवतच नाहीत. थोडक्यात, पाबळकडे गिऱ्हाईक आहे पण मुलाच्या विचाराची नोंद तितकी बारीक नाही. मानखुर्दकडे नोंद आहे पण गिऱ्हाईक नाही. तुमच्या प्रस्तावाची जागा या दोहोंच्या मधे आहे.

वीटभट्टीचा प्रश्न

आता ती जुनी टीका. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. बरोबर मुलंही जातात. त्या मुलाला माती किती भिजवायची, भट्टी कशी रचायची, आच कुठून फिरते हे ठाऊक असतं. हाताने काम करणं हेच जर शिक्षण असतं, तर हे मूल तालुक्यात सगळ्यात शिकलेलं ठरलं असतं. तसं होत नाही. ते शाळेतून गळतं.

हे का, याचं उत्तर देता येत नसेल तर 'कृतीतून शिक्षण' हे वाक्य लिहू नका. माझं उत्तर असं: भट्टीवर त्या मुलाच्या हातात काम आहे, पण हिशोब नाही. किती जळण लागलं, किती विटा कच्च्या राहिल्या, उचल किती आणि फिटली किती, ही वही दुसऱ्याकडे असते. शाळेने द्यायची गोष्ट ती वही आहे: मोजणं, नोंदणं, फरकाचं कारण सांगणं, आणि 'हे असं का' म्हणून विचारण्याची सवय.

म्हणून गावातल्या मुलांना वेल्डिंग आणि शहरातल्या मुलांना भौतिकशास्त्र, अशी विभागणी झाली की मला ती फसवणूक वाटते. 'अभ्यासात कच्ची आहेत, हातकाम तरी शिकू दे' हे वाक्य तुम्ही शिक्षकखोलीत ऐकाल. कलबागांना हातकाम कच्च्या मुलांची सोय म्हणून नको होतं. त्यांच्या लेखी ती शिकण्याची नैसर्गिक रीत होती, सगळ्यांसाठी. एखादा उपक्रम तपासताना बघा, वर्गातली पहिली आलेली मुलगी त्यात आहे का. नसेल तर तो उपक्रम काय सांगतो, ते समजून घ्या.

चुलीवरचा एक तास

कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून एक साधं काम मांडते. दोन लिटर पाणी, ३० अंशांपासून उकळीपर्यंत. लागणारी उष्णता २ × ४.२ × ७० = ५८८ किलोज्यूल. घरच्या चुलीवर करा, जळण आधी आणि नंतर तोला. समजा पाव किलो सुकं लाकूड जळलं. किलोला १६,००० किलोज्यूल धरले तर ४,००० किलोज्यूल खर्च झाले आणि कार्यक्षमता आली १५ टक्क्यांच्या आसपास. आता तेच पाणी १५०० वॅटच्या विजेच्या किटलीत. आठ मिनिटं लागली तर ७२० किलोज्यूल, कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असं लिहिलेलं असेल तर ०.२ युनिटला ६४० यायला हव्यात. आल्या का?

धडा इथून सुरू होतो. एकीचं उत्तर १५ टक्के, दुसरीचं ९. का? लाकूड ओलं होतं? पातेल्याला झाकण नव्हतं? वाऱ्याने जाळ बाहेर गेला? आणि चूल एवढी 'वाईट' असेल तर आई तीच का वापरते? जळण रानातून येतं, सिलिंडर पैशाने येतो, आणि चुलीच्या धगीवर पावसाळ्यात कपडे वाळतात, मासळी धुरावते. कार्यक्षमतेचा आकडा खरा आहे आणि अपुराही आहे. हे दोन्ही एकाच वेळी धरता येणं म्हणजे ऊर्जा समजणं. साहित्याचा खर्च? एक तराजू, एक तापमापक.

मग संशोधनात मोजायचं काय?

पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घेऊन 'गुण वाढले' म्हणणं सोपं आहे. पण नवा प्रयोग, नवा पाहुणा, वर्गाबाहेरचा दिवस, एवढ्यानेही गुण वाढतात. शिवाय उपक्रम मागून घेणाऱ्या शाळा मुळातच उत्साही असतात. त्यांची तुलना न मागणाऱ्या शाळांशी केली की फरक दिसणारच.

चुलींच्याच बाबतीतला एक धडा लक्षात ठेवा. रेमा हन्ना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झालेला दिसला. पुढे तो फायदा विरला, कारण घरांनी चुली नीट सांभाळल्या नाहीत आणि वापर घटत गेला. अभ्यास वर्षभरात थांबला असता तर निष्कर्ष उलटा निघाला असता. शाळेतल्या उपक्रमाचंही तसंच आहे. मार्चमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा मोजलंत की पुढच्या पावसाळ्यानंतर, हे ठरवून लिहा.

प्रस्तावात निदान तीन गोष्टी वेगळ्या करा. मुलांना आवडलं का, मुलं शाळेत टिकली का, आणि मुलांना समजलं का. तिन्ही चांगल्या आहेत, पण एकीचा पुरावा दुसरीला चालत नाही. समजलं का हे बघायचं असेल तर मुलासमोर बिघडलेली वस्तू ठेवा, कृतिपत्रिका नको. ते आधी काय तपासतं, कशावरून ठरवतं, अंदाज चुकला की काय करतं, हे शब्दशः लिहून घ्या. पाबळच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न आणि मानखुर्दची वही, दोन्ही एका खोलीत येतात ते इथे.

पुढच्या वेळी एखाद्या शाळेत गेलात आणि मुख्याध्यापकांनी कौतुकाने शोषखड्डा दाखवला, तर कौतुक जरूर करा. मग खणणाऱ्या मुलीला बाजूला विचारा: 'ताई, याची खोली एवढीच का ठेवलीस?' ती जे सांगेल, तो तुमचा डेटा. ती गप्प राहिली तर तोही डेटाच, फक्त तो तिच्याविषयीचा आहे असं लिहू नका. तो आपण तिला काय विचारायला शिकवलं नाही, त्याविषयीचा आहे.