प्रौढांच्या रक्तबिंबिका-न्यूनतेवरील औषधोपचार : यशाच्या निकषाचा पुनर्विचार

इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच रक्तबिंबिकांवर, म्हणजे प्लेटलेटवर, उलटते. प्रतिपिंडे चिकटलेल्या रक्तबिंबिका मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात आणि अस्थिमज्जेतील त्यांची निर्मितीही मंदावते. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २००९ मधील व्याख्यांनुसार ही संख्या किमान ३०,००० होऊन मूळच्या दुप्पट झाली व रक्तस्राव थांबला, तर तो ‘प्रतिसाद’. एक लाख गाठल्यास ‘पूर्ण प्रतिसाद’. या व्याख्यांमुळे निरनिराळ्या चाचण्यांची तुलना शक्य झाली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि, रुग्णाला प्रत्यक्ष किती बरे वाटले, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

ब्रिटनमधील ‘फ्लाइट’ चाचणीने ही उणीव उघड केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १२० प्रौढ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना केवळ स्टेरॉइड, तर उर्वरितांना त्याच्या जोडीला आरंभापासून मायकोफेनोलेट देण्यात आले. उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४४ टक्के, तर दुसऱ्यात २२ टक्के होते. रूढ निकषानुसार हे यश मोठे आहे. परंतु रक्तस्रावाच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट, मायकोफेनोलेट घेणाऱ्यांनी थकवा व शारीरिक क्षमता यांबाबत आपली स्थिती अधिक वाईट असल्याचे नोंदविले. कोणाला कोणते औषध दिले हे रुग्णांना ठाऊक असल्याने या नोंदींवर त्या जाणिवेचा प्रभाव पडला असणे शक्य आहे. तरीही एवढ्या कारणावरून त्या दुर्लक्षिणे योग्य ठरत नाही.

उपचारविषयक अन्य दंडकही याच दिशेने निर्देश करतात. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटोलॉजीच्या २०१९ मधील मार्गदर्शिकेनुसार संख्या ३०,००० वा अधिक असून रक्तस्राव नसेल किंवा अल्प असेल, तर स्टेरॉइडऐवजी निरीक्षण श्रेयस्कर. स्टेरॉइड दिलेच, तर ते सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नये. निद्रानाश, रक्तशर्करेतील वाढ, हाडांची झीज हे या औषधाचे परिचित दुष्परिणाम होत. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळालेली रोमिप्लोस्टिम व एल्ट्रोम्बोपॅग ही औषधे अस्थिमज्जेला चालना देतात. मात्र रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव असल्याने संख्या सामान्य पातळीवर आणण्यासाठी ती वापरू नयेत, अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकात आहे.

सारांश, गंभीर रक्तस्राव टाळण्यासाठी रक्तबिंबिकांची संख्या पाहणे अनिवार्यच आहे. परंतु दोन औषधांतून निवड करताना रक्तस्राव, थकवा, दुष्परिणाम आणि रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता यांनाही प्रमुख निकषांचे स्थान मिळणे आवश्यक आहे. अन्यथा चाचणीत यशस्वी ठरलेले औषध रुग्णाच्या जीवनात अपयशी ठरू शकते.