मान्यता कोणी कोणाला द्यायची?

वरवट बकालला गडचिरोलीवर बोलणार म्हटल्यावर एकानं विचारलं, "सर, ते पार त्या टोकाला, आपला काय संबंध?" संबंध आहे. आपल्याच संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, घरी कोरकू बोलणारं पोर पहिलीत येतं आणि पहिल्या दिवसापासून मराठी ऐकतं. इथे बंदूक नव्हती, एवढंच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती यानं साठेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता पुनर्बांधणीची भाषा सुरू आहे: रस्ते, मोबाइलचे मनोरे, शाळा. माझी हरकत शाळेकडे मनोऱ्यासारखं पाहण्याला आहे. शेजारच्या बस्तरमध्ये माओवाद्यांनी शाळा उडवल्या आणि सुरक्षा दलांनी शाळांत मुक्काम ठोकले. ते हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावं लागलं. इमारत पुन्हा उभी राहते हो. पण ज्या गावानं शाळेत छावणी पाहिली, त्याला ती आपली कशी वाटावी?

याचं एक उत्तर गडचिरोलीतच, धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं दिलं. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानं काय केलं? मान्यता नाही म्हणून नोटीस! प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. खात्याच्या हाती कायदा आहे, नाकारत नाही. शिक्षण हक्क कायदा मान्यतेशिवाय शाळा चालवू देत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २९ शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतं. राज्यघटनेचं कलम ३५०-अ तर त्याहून जुनं. कायदा वाचायचा तर सगळा वाचावा.

"गोंडीत शिकून पुढं काय?" हा प्रश्न खोटा नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरीची शाळा १९७६ पासून चालू आहे; तिथली माडिया मुलं डॉक्टर, वकील झाली. मराठी, इंग्रजी त्यांनाही लागलीच. वाद सुरुवात कुठून करायची याचा आहे.

आणि 'मान्यता' या शब्दाचा. ती सरकारनं गावाला द्यायची, असं आपण धरूनच चालतो. जिथे चार दशकं गाव दोन बंदुकांच्या मध्ये राहिलं, तिथे गावानंही शाळेला मान्यता द्यावी लागते. मोहगावनं ती आपणहून दिली होती.

आपल्याकडच्या कोरकू वस्त्यांचं प्रश्नोत्तरांत बोलू. शिक्षक मंडळी मागे बसलीत, त्यांनीच सुरुवात करावी.