'कुंवारा बाप' : हसू कुठे अडते?

'बाळाचे बाप ब्रह्मचारी' हा १९८९ सालचा चित्रपट मराठी प्रेक्षक विसरलेले नाहीत. गिरीश घाणेकरांचे दिग्दर्शन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी, आणि शीर्षकातच निम्मी गंमत. (अविवाहित राहून गावभर 'फादर' म्हणवून घेणाऱ्या आम्हांस ती जरा अधिकच भावते!)

परंतु या जातीच्या चित्रपटांत आपण हसतो ते नेमके कशाला? पुरुषाला लंगोट बांधता येत नाही, दूध उतू जाते, तान्हे मूल रडू लागले की धटिंगण माणूस भांबावतो. हे काम बाईचेच, असे गृहीत धरल्याखेरीज हा विनोद उभाच राहत नाही. नाशिकच्या ख्रिस्तमंदिरांत बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ आईच्या नाहीतर मावशीच्या कडेवर असते आणि बाप छायाचित्रे टिपण्यात गुंतलेला असतो. तेव्हा मात्र कोणी हसत नाही.

म्हणूनच मेहमूद यांचा 'कुंवारा बाप' (१९७४) हा हिंदी चित्रपट आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. चॅप्लिनच्या 'द किड'शी (१९२१) त्याचे नाते उघड आहे. महेश या रिक्षावाल्याला देवळापाशी टाकून दिलेले मूल सापडते आणि ते कोणाच्या तरी गळ्यात मारावे, एवढेच त्याला सुचते. येथवर सारे नेहमीच्या वाटेने चालते. पुढे मुलाचा लळा लागतो, त्याचे 'हिंदुस्तान' असे नावही ठेवले जाते. आणि मग त्याला पोलिओ होतो. लस टोचलेली नसते. ती द्यायची असते हेच महेशच्या गावी नसते. इथे हसू घशात अडकते. ज्या अजाणपणावर आपण आतापर्यंत खिदळत होतो, त्याची किंमत मुलाच्या पायांनी मोजलेली असते.

महेशकडे मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची. पितृत्वाकडे असे पाहणारा दुसरा विनोदी चित्रपट आम्हांस चटकन आठवत नाही. त्या मुलाची भूमिका मेहमूद यांच्याच मुलाने, मॅकी अलीने केली, आणि त्याला खरोखरच पोलिओ झालेला होता. पडद्यावरची ती चाल अभिनयाची नव्हे.

चित्रपटात दोषही पुष्कळ आहेत. पाहुणे कलावंत उगाच डोकावून जातात, योगायोगांची रेलचेल आहे, उपदेश तर ओसंडून वाहतो. मात्र तृतीयपंथीयांच्या तोंडी दिलेली अंगाई यांतून वेगळी काढावी लागते. बारशाला नाचून बिदागी घेण्यापुरतेच ज्यांना आपण दारात उभे करतो, त्यांच्याकडे इथे मूल निजवण्याचे काम आले आहे.

भारतातील नैसर्गिक (वन्य) पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा आजच्या तरुण प्रेक्षकाला हा प्रसंग जुनापुराणा वाटेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पाळी संपवून घरी परतणाऱ्या आमच्या तरुण बापांनी तो तरीही पाहावा, आणि मुलाच्या लसीकरणाचे कार्ड घरात कोठे ठेवलेले असते, हे पत्नीला न विचारता शोधून पाहावे.