‘सगळं किंवा काहीच नाही’, पण कोणासाठी?

समजा, तुमचा प्रोग्रॅम निकालाच्या चार फाइली बदलतोय आणि मध्येच वीज गेली. आता दोन फाइली नव्या, दोन जुन्या. वाईट गोष्ट ही की चारही फाइली नीट उघडतात, आकडेही दिसतात. फक्त ते एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचा शोधनिबंध त्या आकड्यांवर उभा राहणार असतो.

यावर उपाय म्हणून फाइलींसाठी ट्रान्झॅक्शन देणाऱ्या लायब्रऱ्या निघाल्या: चारही बदल टिकतील, नाहीतर एकही नाही. जावामधली अपाची कॉमन्स ट्रान्झॅक्शन त्यातलीच. गंमत बघा, पुढे तिच्याच कर्त्यांनी हे काम थांबवलं आणि जाहीर केलं की साध्या फाइल सिस्टीमच्या वर ही सोय भरवशाने देणं शक्यच नाही. स्वतःच्या मुख्य वैशिष्ट्याबद्दल इतकं सरळ बोलणारे प्रकल्प थोडे. पण प्रामाणिक निष्कर्षही तपासून घ्यावा लागतो. एसक्यूलाइट साध्या फाइल सिस्टीमवरच चालतं आणि क्रॅशनंतर अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतं. मग नेमकं अशक्य काय आहे?

माझ्या मते इथे दोन प्रश्न एकत्र झालेत.

पहिला प्रश्न: क्रॅशनंतर सावरता येतं का? येतं, पण कष्टाने. काय बदलणार ते आधी एका नोंदवहीत लिहायचं, ती एफसिंकने डिस्कवर पोचवायची, मगच मूळ फाइलींना हात लावायचा. एफसिंक का लागतं? कारण ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलेलं आधी मेमरीत ठेवते, आणि ते डिस्कवर तुमच्याच क्रमाने जाईल असं नाही. २००९ मध्ये एक्स्ट४ वापरणाऱ्यांना याचा झटका बसला: फाइलचं नाव बदलल्याची नोंद डिस्कवर आधी पोचली, मजकूर नाही, आणि क्रॅशनंतर शून्य लांबीच्या फाइली हाती आल्या. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी गिट, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांच्यासह ११ सॉफ्टवेअर तपासली आणि अशा ६० कच्च्या जागा काढल्या. (हा आकडा वाचताना जपून. क्रॅश झाला तर कुठे बिघडू शकतं हे तो सांगतो, किती वेळा बिघडतं हे नाही.) थोडक्यात, काम अवघड आहे, अशक्य नाही.

दुसरा प्रश्न: सावरेपर्यंत इतरांना काय दिसतं? खरी अडचण इथे आहे. एसक्यूलाइटची फाइल वाचायची तर एसक्यूलाइटमधूनच जावं लागतं. वाचण्याआधी ते अर्धवट व्यवहार शोधतं आणि निस्तरतं. साध्या फाइलीला असा पहारा नसतो. लायब्ररी सावरायला सुरुवात करायच्या आधीच तुमची बॅकअप स्क्रिप्ट येऊन दोन नव्या आणि दोन जुन्या फाइली उचलून नेईल. तिला नोंदवहीचा पत्ताच नाही.

म्हणून कर्त्यांचा निष्कर्ष मला अर्धा बरोबर वाटतो. फाइली फक्त या लायब्ररीतूनच हाताळल्या जाणार असतील, तर हमी देता येते. जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमसमोर ती देता येत नाही. तेवढी मोठी हमी हवी तर फाइल सिस्टीमच्या आतच उतरावं लागतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून एनटीएफएसमध्ये ते केलंही. पण गुंतागुंतीमुळे प्रोग्रॅमर फिरकले नाहीत, आणि आता कंपनी स्वतःच ती सोय वापरू नका म्हणते.

मग तुम्ही काय करायचं? एकच फाइल असेल तर तात्पुरत्या फाइलीत लिहा, एफसिंक करा, नाव बदला, आणि लिनक्सवर त्या डिरेक्टरीलाही एफसिंक करा. चार फाइली असतील तर त्या सरळ एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये घाला. ते जमत नसेल तर दर वेळी नवी डिरेक्टरी करा आणि ती पूर्ण झाली की ‘चालू निकाल कुठला’ हे सांगणारी एकच छोटी फाइल वरच्याच पद्धतीने बदला.

आणि पेपर वाचताना ‘ट्रान्झॅक्शनल’ किंवा ‘क्रॅश-सेफ’ हा शब्द आला की थांबा. ही हमी कोणाकोणाला लागू आहे, ते समासात लिहा. पेपरमध्ये त्याचं उत्तर सापडलं नाही, तर तुमचा पहिला प्रश्न तयार आहे.