‘इथे काळ थांबलाय’ : एका लाडक्या कल्पनेची तपासणी

आपल्याकडे एक सिद्धान्त फार लाडका आहे. सिद्धान्त म्हणून तो कुणी मांडत नाही, पण प्रवासवर्णनातून, सिनेमातून येतच राहतो. जगापासून तुटलेल्या वस्तीत म्हणे काळ वेगळ्या गतीनं वाहतो. गाडी बालाघाटाच्या डोंगरात वळली की लेखकाला पहिलं वाक्य सुचलंच : ‘इथे काळ थांबलाय.’

यात थोडं खरं आहे, ते आधी देऊन टाकू. वेळ मोजायच्या तऱ्हा वेगळ्या असतात. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० च्या पुस्तकात दाखवलं की तेव्हाच्या सुदानमधल्या नुएर लोकांचा दिवस गुरांच्या कामांवर मोजला जाई. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हस्त आहेतच. निजामाच्या राजवटीत सरकारी कागदावर फसली सन असायचा, इसवी सनापेक्षा साधारण ५९० नं कमी. आकडा मागे होता म्हणून माणसं मागे होती का? आणि भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा मुंबईत काळ हळू वाहत होता, असं मी तरी कुठं वाचलेलं नाही!

योहानेस फेबियन यांनी १९८३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांची हीच खोड पकडली. माणूस समोर बसून बोलतो तो आजच्या काळात. त्याच्यावर लिहायला बसलं की त्याला भूतकाळात ढकलायचं. आपले लेखक वेगळं काय करतात?

आता बीडच बघा. धारूर, वडवणी, पाटोद्याकडची ऊसतोड कुटुंबं. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. म्हणून रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठून मोळ्या भरायच्या. कारखान्याच्या घड्याळाशी इतकं घट्ट बांधलेलं आयुष्य आपल्यापैकी कितीजणांचं आहे? शिवाय मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. म्हणजे पुढचे सहा महिने जगायच्या आधीच विकलेले. आजारपणात एक दिवस गेला तरी खाडा, त्याचे पैसे कापणार. बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीमुळं खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण पुढं आलं. दिवसाचा हिशेब असा थेट शरीरावर येतो, आणि आपण काव्य करतो ‘संथ काळा’चं.

कुणी म्हणेल, पण तुटलेपण खोटं नाही ना? नाहीच. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची, बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. पण याला ताटकळत ठेवणं म्हणतात. ते कुणीतरी केलेलं असतं, त्याच्या फायली असतात, सह्या असतात.

राहिला तो शांतपणा. लेखक बहुतेक हिवाळ्यात येतात, हवा बरी असते. तेव्हा वस्तीवर कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं, एखादी शेळी. वाटणारच काळ थांबल्यासारखं. कमावती माणसं त्या वेळी फडात असतात, आणि ज्यांना हंगामी वसतिगृह मिळालं नाही ती पोरंही तिथंच. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, उसाचा हंगाम दिवाळीला. दुसरं सत्र बुडतं ते ह्या पोरांचं.