मोजणाऱ्याची साक्ष

वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला डिचोली तालुक्यातील शिरगावी जाऊन ज्यांनी श्रीलईराई देवीचे होमकुंड पाहिले आहे, त्यांना अग्निदिव्य म्हणजे काय हे सांगावयास नको. व्रतस्थ धोंड हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालत जातात. त्या दिव्यात चार गोष्टी असतात. अग्नी डोळ्यांना दिसतो; त्याचा दाह जाणाऱ्यास ठाऊक असतो; जाणारा स्वतःच्या संकल्पाने जातो; आणि कोणाचे पाऊल भाजले तर त्याला आपला म्हणणारा गाव भोवती उभा असतो. या चारही गोष्टी ज्यात नाहीत असा अग्नी कसा असेल, ही कल्पना आम्हांस एका परकीय डॉक्टरच्या रोजनिशीने करून दिली. तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पुस्तक जुने आहे. डेव्हिड ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरने लिहिलेले ‘नो प्लेस टु हाइड’ हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. लपावयास जागा नाही, असा या नावाचा अर्थ. हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेऊन नुकताच लष्करात दाखल झालेला हा तरुण १९४६ साली प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळबेटावर पाठविण्यात आला. तेथे अमेरिकेने दोन अणुबाँबांचे प्रयोग केले. पहिला १ जुलै रोजी हवेत, दुसरा २५ जुलै रोजी पाण्याखाली. सुमारे ४२,००० माणसे त्या कामावर होती. बेटावरच्या १६७ रहिवाशांना मार्चमध्येच रोंगेरिक नावाच्या दुसऱ्या बेटावर हलविण्यात आले होते. ब्रॅडलीचे काम रोग्यास बरे करण्याचे नव्हते. स्फोटानंतर पाण्यावर, जहाजांवर व माणसांच्या अंगावर अदृश्य किरणांचा मारा किती आहे, हे यंत्राने मोजून वरिष्ठांस कळविणे, एवढेच ते होते.

मराठी वाचकाच्या मनात लष्करी डॉक्टर म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उभे राहतात. १९३८ साली ते चीनमध्ये गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या कर्तव्यात द्वैत नव्हते. समोर जखम होती, हातात शस्त्र होते, आणि डॉक्टर कोणाच्या बाजूचा असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. ब्रॅडलीच्या वाट्याला आलेले कर्तव्य याहून निराळे. त्याच्यासमोर जखम नाही. धडधाकट, हसणारे, उघड्या अंगाने डेक घासणारे खलाशी आहेत. आणि त्यांना पाठविणारे सरकार हेच त्याचेही धनी आहे. ‘येथे थांबणे धोक्याचे आहे’ असे म्हणणे म्हणजे आरमाराचे काम थांबविणे. असा डॉक्टर कोणाचा? हा प्रश्न मनात धरून हे पुस्तक वाचले तर त्याचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट होतात.

प्रथम गुण. साक्षीची किंमत करणे हा आमच्या पेशाचा भाग असल्यामुळे आम्ही त्या अंगाने बोलतो. वर्षांनी आठवून सांगितलेल्या हकिकतीपेक्षा त्याच दिवशी केलेल्या नोंदीस न्यायालयात अधिक वजन असते, कारण पुढे काय घडणार हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. ब्रॅडलीची साक्ष या जातीची आहे. पहिल्या स्फोटाचा बाँब विमानातून टाकला, तो नेमलेल्या जहाजापासून सुमारे ६५० मीटर दूर फुटला. पाहणाऱ्यांची निराशा झाली. एवढेच का ते, असा सूर निघाला. दुसरा स्फोट पाण्याखाली सुमारे २७ मीटरवर झाला. पाण्याचा प्रचंड स्तंभ उसळला, कोसळला, आणि त्याच्या विषारी तुषारांचे धुके नांगरलेल्या जहाजांवर पसरले. पुस्तकाचा प्राण येथे आहे. कारण जी जहाजे बुडाली त्यांचा प्रश्न मिटला होता. जी तरंगत राहिली त्यांचे काय करावे, हे कोणास कळेना. खलाशांना ती धुण्यास लावले. पाण्याने, साबणाने, क्षारांनी धुतले. डेक स्वच्छ दिसू लागला. यंत्राची टिकटिक मात्र थांबेना. जे लाकडात व रंगात मुरले होते ते धुण्याने निघणारे नव्हते. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा विचार पाण्यापाशी येऊन संपतो. धुतले की शुद्ध झाले. या पुस्तकातले ओवळे पाण्यानेच आणलेले आहे, आणि पाण्याने ते जात नाही.

ही गोष्ट वरिष्ठांस पटवून देणे सोपे नव्हते. किरण दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, अंगाला चटका बसत नाही. प्रयोगातील किरणसंरक्षणाचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरेन हेही डॉक्टरच होते. त्यांनी त्या सरोवरातला एक मासा छायाचित्राच्या काचेवर ठेवला. माशाच्या अंगातल्या किरणांनीच काचेवर त्याचे चित्र उमटले. ते पाहिल्यावर १० ऑगस्ट रोजी अॅडमिरल ब्लँडी यांनी धुण्याचे काम थांबविले. सारे शास्त्र जे पटवू शकले नाही ते एका माशाने पटविले. पण तोवर खलाशांनी त्या डेकांवर कित्येक दिवस काढले होते.

या ग्रंथाचा दुसरा गुण त्याच्या संयमात आहे. अणुबाँबाचा विषय निघाला की आपल्याकडे गीतेच्या अकराव्या अध्यायाचे स्मरण करण्याची प्रथा पडली आहे. ओपेनहायमर यांना तो आठवला, याचे आपल्याला काहीसे भूषणही वाटते. आम्हांस त्यात धोका दिसतो. विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनास दिव्य दृष्टी दिलेली होती, आणि भयाने त्याचे हात जोडले गेले होते. दुरून काळा चष्मा लावून स्फोट पाहणाऱ्यास ते रूपक वापरणे सोपे जाते, आणि एकदा ते वापरले की डेक घासणारा खलाशी त्या तेजात दिसेनासा होतो. ब्रॅडली अशा उपमांच्या मोहात सहसा पडत नाही. तो आकडे देतो, माशांविषयी सांगतो, बेटाच्या सौंदर्याविषयी लिहितो, मधूनच थट्टा करतो. अखेरीस अणुबाँबापासून बचावाचा खरा उपाय नाही, वैद्यकाच्या हाती त्यावर पुरेसा इलाज नाही आणि दूषित भूमी दीर्घकाळ निरुपयोगी होऊ शकते, हे तो शांतपणे मांडतो.

आता दोष. या डॉक्टरची दृष्टी जगाच्या भवितव्यावर इतकी खिळली आहे की शेजारच्या माणसाचे भवितव्य तिच्या कडेला राहते. खलाशी पुस्तकात येतात, परंतु वीस वर्षांनी त्यांचे काय होईल, आणि तेव्हा ‘मी तेथे होतो, माझ्या अंगावर एवढा मारा झाला’ असे सांगावयास त्यांच्याजवळ कोणता कागद असेल, हा प्रश्न या पुस्तकाचा मुख्य प्रश्न होत नाही. त्या काळी दिवसाला एक दशांश राँटजेन एवढी मात्रा सहन करण्याजोगी मानीत. आजच्या परिमाणात ती सुमारे एक मिलिसिव्हर्ट होते. आज अशा कामावरील माणसास वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशींनी घालून दिली आहे. म्हणजे त्या वेळच्या वीस दिवसांत आजचे वर्ष संपते. या अज्ञानाचा दोष आम्ही डॉक्टरांना देत नाही. त्या वेळचे ज्ञान तेवढेच होते. परंतु प्लुटोनियमचे कण त्यांच्या नेहमीच्या यंत्रात सापडत नसत, आणि किरण मोजणारी फिल्मची पट्टी थोड्याच लोकांच्या छातीवर होती. जे मोजले गेले नाही ते पुढे ‘नव्हतेच’ असे ठरले.

डिचोलीच्या वाचकास हे तर्कशास्त्र अपरिचित नाही. आपल्या खाणींची तांबडी धूळ निदान झाडाच्या पानावर बसलेली दिसत असे. तरी ती मर्यादेच्या आत आहे, हे वाक्य आपण किती वेळा ऐकले! २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, तोवर ते वाक्य ऐकतच होतो. मर्यादा कोणी ठरविली, कोणासाठी ठरविली आणि मोजणारा कोणाचा पगार घेतो, हे तीन प्रश्न धुळीला जसे लागू आहेत तसे किरणांनाही.

पुस्तकानंतरचा इतिहास कायद्याच्या दालनात घडला, म्हणून तो सांगणे आम्हांस भाग आहे. १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरेस खटल्यात असे ठरविले की, सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकास सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. त्या निकालात तीन प्रकरणे एकत्र होती, आणि दोन लष्करी डॉक्टरांच्या हयगयीची होती. एका सैनिकाच्या पोटातून अडीच फूट लांब व दीड फूट रुंद टॉवेल निघाला, आणि त्यावर लष्कराच्या वैद्यकीय खात्याचा शिक्का होता. एवढा बोलका पुरावा असूनही जेथे दाद मिळाली नाही, तेथे अदृश्य किरणांचा पुरावा कोण ऐकणार? १९७३ साली सेंट लुइस येथील दप्तरखान्यास आग लागली व १९१२ ते १९६० या काळात लष्करातून निवृत्त झालेल्यांची सुमारे ८० टक्के कागदपत्रे जळाली. गुप्ततेच्या बंधनामुळे कित्येकांनी आपल्या घरच्यांनाही काही सांगितले नव्हते; ते बंधन १९९६ साली उठले. १९८८ साली, म्हणजे बिकिनीनंतर ४२ वर्षांनी, एक कायदा झाला. प्रयोगास हजर असलेल्या सैनिकास ठरावीक कर्करोगांपैकी एखादा झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे त्या कायद्याने गृहीत धरले. सिद्धतेचा भार दुबळ्याच्या खांद्यावरून काढणारे हे गृहीतक आमच्या मते या साऱ्या कहाणीतले एकमेव न्याय्य वाक्य होय.

ब्रिटनची कथा वेगळी नाही. १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात व ख्रिसमस बेटाच्या परिसरात झालेल्या त्यांच्या प्रयोगांतील सैनिकांचे दावे २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. नऊ प्रातिनिधिक दावे चार विरुद्ध तीन मतांनी मुदतबाह्य ठरले. शिवाय कारणसंबंध सिद्ध होईल असा पुरावाही नाही, असे बहुमतास वाटले. आजार उशिरा उमटणारा, कागद सरकारजवळ, आणि मुदत मात्र सैनिकाची! दहा वर्षांनी, २०२२ साली, सरकारने त्यांना पदक जाहीर केले. पेडण्याच्या पुनवेला भूतनाथ स्वतःच्या देवळासाठी हट्ट धरतो आणि मंडळी समजूत घालून त्याला परत आणतात. आपल्या परंपरेत त्या समजुतीला प्रेमाची ऊब आहे आणि ती दरवर्षी समोर उभे राहून घातली जाते. या म्हाताऱ्या सैनिकांच्या वाट्याला समजूत आली तीही साठ वर्षांनी, आणि बहुतेक सोबती गेल्यावर.

या पुस्तकाशेजारी ठेवावे असे एक पुस्तक आपल्या देशातही झाले, याची आठवण थोड्यांनाच असेल. १९५४ साली बिकिनीवर हायड्रोजन बाँबचा स्फोट झाला, रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर राख पडली, आणि अमेरिकन लष्करी डॉक्टर त्यांच्या शुश्रूषेबरोबरच त्यांचा अभ्यासही करू लागले. तेव्हा जवाहरलाल नेहरूंनी २ एप्रिल रोजी लोकसभेत असे प्रयोग थांबविण्याची मागणी केली. पुढे १९५६ साली भारत सरकारने अणुस्फोट व त्यांचे परिणाम यांवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो प्रामुख्याने दौलतसिंग कोठारी यांचा. पण त्यास होमी भाभा व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा हातभार होता. पेडण्याहून तेरेखोल ओलांडून वेंगुर्ल्याच्या वाटेस लागलेल्या माणसास खानोलकर हे नाव परके वाटणार नाही. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या पेशी तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या या विकृतिशास्त्रज्ञाने बाँब पाहिला नव्हता. परंतु तो कोणत्याही बाँबवाल्याचा चाकर नव्हता, म्हणून त्याला हिशेब उघड मांडता आला. ब्रॅडलीजवळ डोळ्यांची साक्ष होती, खानोलकरांजवळ अंतराचे स्वातंत्र्य होते. सत्यास दोन्ही लागतात.

१९६३ साली वातावरणातील प्रयोगांवर बंदी घालणारा करार झाला. भारताने त्यावर तत्काळ सही केली. फ्रान्सचे असे प्रयोग १९७४पर्यंत व चीनचे १९८०पर्यंत चालू राहिले. १९७४ साली आपणही पोखरणला जमिनीखाली स्फोट केला. म्हणून हे पुस्तक परक्यांच्या पापाची कथा म्हणून वाचण्याचा अधिकार आपल्यास उरलेला नाही. ज्या राष्ट्राजवळ हे अस्त्र आहे, त्या प्रत्येक राष्ट्रात कोणी तरी डॉक्टर यंत्र घेऊन उभा असतो, आणि त्याच्यापुढे कोणाचा तरी मुलगा उघड्या हातांनी काम करीत असतो.

ब्रॅडली २००८ साली दीर्घायुषी होऊन वारला. त्याचे पुस्तक आम्ही वाचकांनी मिळवून वाचावे असे म्हणतो, ते त्यातल्या दोषासह. त्याने जे मोजले ते प्रामाणिकपणे लिहिले. ज्यांच्यासाठी मोजले त्यांच्या हाती तो कागद मात्र राहिला नाही. शिरगावच्या होमकुंडाकडे जाणाऱ्या धोंडास पुढे काय आहे ते दिसते, आणि त्याला ओळखणारी माणसे पलीकडच्या बाजूस उभी असतात. ज्या सरकारास आपल्या माणसांकडून अग्निदिव्य हवे असेल, त्याने निदान एवढे तरी करावे.