चिकोरीचा गुन्हा नक्की काय?

पोर्टलीशच्या सुपरमार्केटात चिकोरी हवी असेल तर कॉफीच्या फळीकडे जाऊन उपयोग नाही, केकच्या सामानाकडे वळावं लागतं. आयसिंगची साखर आणि व्हॅनिलाच्या शेजारी 'आयरेल'ची बाटली असते: कॉफी आणि चिकोरीचा गोड अर्क. इथे तो कॉफी केकमध्ये घालतात. आपल्याकडे हीच जोडी कपात असते, आणि बाहेर राहणारे आपण तिच्याबद्दल जरा ओशाळूनच बोलतो.

मी तर आईलाच सुनावलंय. पीएचडीच्या काळात ग्राइंडर, वजनकाटा सगळं जमवलं होतं. सुट्टीत घरी गेले आणि तिच्या जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीला म्हणाले, "ही खरी कॉफी नाहीच, चिकोरी आहे." ती काही बोलली नाही. कप उचलून आत घेऊन गेली.

हा खऱ्याखोट्याचा वाद जुना आहे. चिकोरी म्हणजे निळ्या फुलांच्या एका रोपाचं मूळ. वाळवून, भाजून दळलं की रंग गडद, चव कडू-गोड, कॅफिन शून्य. 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची कोंडी केली, युरोपात कॉफीची टंचाई झाली आणि चिकोरीचे दिवस आले. पुढे लंडनचे दुकानदार ती स्वस्त पूड कॉफीत मिसळून सर्रास विकू लागले. डब्लिनमध्ये वैद्यकीचे धडे घेतलेल्या आर्थर हिल हॅसलने 1850 च्या सुमारास हे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बहुतेकांत चिकोरी सापडली. पण मला विचाराल तर गुन्हा मुळाचा नव्हता, न सांगण्याचा होता. गिऱ्हाईक कॉफीचे पैसे मोजत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

आता 'कॅम्प कॉफी'चं लेबल बघा. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीने 1876 मध्ये हा अर्क बाजारात आणला. चित्रात तंबूसमोर बसलेला स्कॉटिश अधिकारी, बाजूला ट्रे घेऊन उभा शीख नोकर. नंतर ट्रे गेला, तरी माणूस उभाच. 2006 च्या लेबलवर तो शेजारी बसला, हातात स्वतःचा कप घेऊन. उशिरा का होईना, बरं झालं. पण बाटलीच्या आत चिकोरीचा अर्क सुमारे 26 टक्के आणि कॉफीचा 4, तरी लोकांच्या तोंडी नाव 'कॅम्प कॉफी'च. शिखाला खुर्ची मिळाली, चिकोरीला अजून मिळायचीय.

भारतात नियम सरळ आहे: मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. टीका करायचीच तर इथे करा. चिकोरी स्वस्त, म्हणून ती 49 टक्क्यांपर्यंत नेण्याचा मोह आहेच आणि तो आकडा बारीक अक्षरांत लपतो. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात मात्र आधी "चिकोरी किती?" हे विचारून मग पूड देतात. तिथे 80-20 घेणारा फसत नाही, तो चव निवडतो. चिकोरीचा बराच मोठा भाग पाण्यात उतरतो, त्यामुळे डिकॉक्शन दाट होतं आणि दुधात हरवत नाही. आपली कॉफी दुधाचीच, मग काळ्या कॉफीच्या मापाने तिला का मोजायचं?

शंका असेल तर थंड पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पूड टाका. कॉफी तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत बुडते. हॅसलइतकी मेहनत लागत नाही.

गेल्या आठवड्यात फिल्टर काढला, दूध उकळलं, वर जायफळ किसलं. घरच्यासारखं काही जमेना. शेवटी आईला फोन केला आणि तिच्या कॉफीतलं प्रमाण विचारलं.

"डब्यावर लिहिलेलं असतं की," ती म्हणाली. "तू वाचलं नव्हतंस?"